फर्माइशवाल्यांचा विजय

१९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण केसकर शास्त्रीय संगीताचे कट्टर कैवारी. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीते जवळपास हद्दपार झाली. श्रोत्यांनी सरळ रेडिओची सुई रेडिओ सिलोनकडे फिरवली. १९५२ च्याच डिसेंबरात तिथे अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि पुढे बुधवारी रात्री आठला, लघुलहरींची खरखर सोसत, लोक आपले गाणे कितव्या पायदानावर आहे ते कान देऊन ऐकू लागले. क्रिकेटचा धावफलक पाहावा, तशीच ती चुरस. चाहता म्हणजे नुसता बसून ऐकणारा, हा समज इथे टिकत नाही. अभ्रकाच्या खाणींसाठी ओळखले जाणारे झुमरी तिलैया देशाला ठाऊक झाले ते फर्माइशीच्या पत्रांमुळे. पत्रात स्वतःबरोबर मित्रांचीही नावे असत. निवेदकाच्या तोंडून आपले नाव ऐकण्याची ती हौस निव्वळ आनंदाची होती.

हा सगळा बिनाका टूथपेस्ट विकण्याचा खटाटोप होता, असे कोणी म्हणेल. होताच. क्रमवारीत रेकॉर्डच्या खपाचाही हिशेब असे. पण जाहिरातदाराला गर्दी हवी होती आणि गर्दी गाण्यांवर जीव टाकणाऱ्यांची होती. त्यांना टूथपेस्टवाल्याने घडवले नव्हते. केसकरांची अभिजाताची तळमळ खोटी नव्हती, पण आवड हुकुमाने बदलत नाही. शेवटी सरकारच नमले. केसकर मंत्री असतानाच, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, आकाशवाणीची चित्रपटगीते वाजवणारी विविध भारती सुरू झाली. १९६७ मध्ये मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवरून तिच्यावर जाहिरातीही वाजू लागल्या.