अनुमती आधी की अनुदान आधी? : प्राणिप्रयोगांच्या नियमनाचा एक ऐतिहासिक विचार

प्राण्यांवरील प्रयोगाची अनुमती अनुदानाच्या अर्जापूर्वी मिळवावी की अनुदान मंजूर झाल्यावर, हा प्रश्न विद्यापीठांत बहुधा कार्यालयीन सोयीचा म्हणून चर्चिला जातो. वस्तुतः तो तसा नाही. अनुमती कोणत्या क्षणी मागितली जाते, यावरूनच 'नाही' म्हणण्याचा अधिकार खरोखर कोणाला उरतो हे ठरते. या दृष्टीने आपल्याकडील नियमनाचा इतिहास पाहणे उद्बोधक ठरेल.

प्राणिप्रयोगांवर कायद्याचे बंधन प्रथम इंग्लंडने घातले. १८७६ च्या तेथील कायद्यानुसार परवाना गृहमंत्र्यांकडून मिळे, आणि त्याच्या अर्जावर एखाद्या विद्वत्संस्थेच्या अध्यक्षाची व एका प्राध्यापकाची शिफारस लागे. हा परवाना मुख्यतः व्यक्तीला असे. प्रत्येक प्रकल्पासाठी स्वतंत्र परवान्याची पद्धत तेथे १९८६ च्या कायद्याने आली. हिंदुस्थानात १८९० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा होता. पण त्याचा रोख ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांवरील अत्याचाराकडे होता. प्रयोगाच्या पूर्वसंमतीची व्यवस्था त्यात नव्हती.

याच काळात, १८९६ साली, मुंबईत प्लेग उद्भवला. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत लसीचे काम आरंभिले. सशांवर लस पारखून १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली. प्रयोगशाळेतील कामापासून मनुष्यापर्यंतचा हा प्रवास अवघ्या तीन-चार महिन्यांचा होता. रोज माणसे मरत असता एखाद्या समितीच्या बैठकीची वाट पाहणे कोणाच्या मनातही आले नसते. विलंबाची किंमत मोठी असते, हा या घटनेचा पहिला धडा होय.

दुसरा धडा पाच वर्षांनी मिळाला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल येथे परळच्या प्रयोगशाळेतील लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. ते सर्व एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. चौकशीत ठपका आला तो हाफकिन यांनी लस निर्जंतुक करण्याची रीत बदलली यावर. बाटली गावातच उघडताना भूमीवर पडलेला चिमटा दूषित झाला होता, ही गोष्ट पुढे उजेडात आली. आणि हाफकिन १९०७ मध्ये दोषमुक्त झाले. हे प्रकरण प्राणिप्रयोगाचे नव्हे. तथापि त्याचा आपल्या प्रश्नाशी निकटचा संबंध आहे. कार्यपद्धतीतील बदल आधी लिहून कोणा अधिकृत मंडळाकडून मान्य करून घेतला असता, तर त्या बदलाचा सारा भार एका माणसावर पडला नसता. पूर्वसंमती प्राण्याचे रक्षण करते तसे संशोधकाचेही करते.

यानंतर दोन प्रवाह स्वतंत्रपणे वाहू लागले. एक अनुदानाचा : १९११ साली स्थापन झालेल्या इंडियन रिसर्च फंड असोसिएशनचे १९४९ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेत रूपांतर झाले, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाला १९५६ मध्ये वैधानिक दर्जा मिळाला. दुसरा प्रवाह भूतदयेचा : रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत प्राणिक्रूरतेविरुद्ध विधेयक मांडले, पंडित नेहरूंनी सरकारतर्फे आश्वासन दिल्यावर १९५४ मध्ये ते मागे घेतले गेले, आणि त्यातूनच पुढे १९६० चा कायदा झाला. या कायद्याने ज्ञानवृद्धीसाठी केलेले प्रयोग बेकायदा ठरविले नाहीत. परंतु त्यांवर देखरेख ठेवणारी समिती नेमण्याची तरतूद केली. प्रयोगापूर्वी, प्रयोग चालू असता आणि प्रयोगानंतर प्राण्याला अनावश्यक यातना होऊ नयेत हे पाहणे, हे त्या समितीचे कर्तव्य. काळाचा विचार कायद्याने असा मुळातच केला होता. पण एकाच दशकात जन्मलेल्या या दोन व्यवस्थांची गाठ कोणी घालून दिली नाही.

समिती १९६४ मध्ये नेमली गेली व १९६८ मध्ये नियम झाले. मात्र तिला खरी चालना १९९८ मध्ये मिळाली. त्या वर्षीच्या नियमांनी संस्थांची नोंदणी व प्रयोगांची पूर्वपरवानगी आवश्यक केली. संस्थेच्या नीतिसमितीत पशुवैद्य, संस्थेबाहेरील शास्त्रज्ञ, विज्ञानक्षेत्राबाहेरचा समाजहितैषी सदस्य आणि केंद्रीय समितीचा प्रतिनिधी यांना स्थान मिळाले. मोठ्या प्राण्यांवरील प्रयोगांचे प्रस्ताव केंद्रीय समितीकडे जातात.

ही रचना योग्यच आहे. पण तिचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील उंद्रीसारख्या गावातून आलेला संशोधक विद्यार्थी १९८३ पूर्वी नागपूर विद्यापीठाच्या व त्यानंतर अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतो. ज्या महाविद्यालयाला स्वतःचे नोंदणीकृत प्राणिगृह नाही, त्याला दुसऱ्या संस्थेच्या दारी जावे लागते. अर्जासोबतच अनुमतीपत्र हवे असा आग्रह धरला, तर अशा विद्यार्थ्याची अंतिम तिथी बैठकीची वाट पाहण्यातच निघून जाईल. आणि ज्या प्रस्तावांना पैसा मिळणारच नाही, त्यांच्या छाननीत समितीचाही वेळ जाईल.

उलटपक्षी, पैसा हाती पडल्यावर अनुमती मागितली तर समितीवर नकळत दडपण येते. उपकरणे आली, साहाय्यक नेमले गेले. अशा वेळी प्राण्यांची संख्या कमी करा किंवा हा प्रयोग करूच नका, असे सांगणे कोणत्याही सहकाऱ्याला अवघड जाते. अशा अनुमतीला संमतीपेक्षा पोचपावतीचेच स्वरूप येते. अमेरिकेतील सार्वजनिक आरोग्यसेवेच्या धोरणाने २००२ मध्ये मधला मार्ग पत्करला : प्रस्तावाचे गुणपरीक्षण आधी, अनुमती त्यानंतर, परंतु अनुदान प्रदान होण्यापूर्वी.

आपल्या विद्यापीठांनाही हाच क्रम हितावह वाटतो. निवड झाली आहे, पण निधी हाती आलेला नाही, हा एकच टप्पा असा आहे की जेथे समितीला नकार देता येतो आणि संशोधकाला आपला बेत बदलता येतो. १८९७ ची निकड आणि १९०२ चा आघात या दोहोंना न्याय देणारी जागा तीच होय.