जागतिक पर्यावरण बदलाचा भूगोल: एमएला नेमकं काय शिकतात?

या विषयात फक्त तापमानवाढ शिकत नाहीत. एखाद्या ठिकाणच्या बदलामागची कारणं वेगवेगळी करायला शिकतात.

भंडाऱ्याचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला आणि शहराच्या अनेक भागांत पाणी शिरलं. मध्य प्रदेशात जोरदार पाऊस झाला होता, तिथल्या संजय सरोवर धरणातूनही पाणी सोडलं होतं. मग यात हवामान बदलाचा वाटा किती, विसर्गाचा किती आणि नदीकाठच्या बांधकामांचा किती?

हे शोधायला पावसाच्या जुन्या नोंदी, उपग्रहचित्रं आणि जीआयएस नकाशे एकत्र तपासावे लागतात. कारण चुकीचं ठरलं, तर उपायही चुकतो. इशारा आधी द्यायचा, विसर्गाचं नियोजन बदलायचं की पूररेषेतलं बांधकाम थांबवायचं, हे त्यावरच ठरतं.