कृपेचा भरवसा : संपादकीय तळटीप

१. औरंगाबादच्या छावणीतील ख्रिस्ती मंडळीविषयी लिहिताना लेखकाने कृपेच्या भरवशाचा उल्लेख ओझरता केला आहे. तो थोडा उलगडणे अगत्याचे वाटते. निजामाच्या मुलखातील ही वस्ती फौजेची. हुद्दा, पगार, बढती सारे चाकरीच्या दाखल्यावर ठरावयाचे. पारशी कुळातून ख्रिस्ती झालेले पाद्री रतनजी नवरोजी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात औरंगाबादेत जो उपदेश केला, त्यातील अर्जावाचून मिळणारी क्षमा अशा श्रोत्यांना पटावयास जडच गेली असावी. आणि हे केवळ शिपायांचेच नव्हे. पंडिता रमाबाईंसारख्या शास्त्रसंपन्न विदुषीने १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, तरी पुढे सुमारे आठ वर्षे त्यांच्या चित्तास स्वस्थता नव्हती. धर्म लाभला, पण प्रत्यक्ष ख्रिस्त लाभला नाही, अशी स्पष्ट कबुली त्यांनीच दिली आहे. आपल्या योग्यतेची जमाबंदी न पाहता, आहे त्या स्थितीत देवाने आपणांस आपले म्हटले आहे, हे उमगले तेव्हाच ती तळमळ शमली. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातही आधी कृपा व मागाहून सत्कर्मे, असाच क्रम आहे. मध्यप्रांतातील दुष्काळपीडित मुलींना रमाबाईंनी केडगावी आश्रय दिला तो यानंतर, १८९७ च्या सुमारास, पुण्यसंचयासाठी नव्हे.