शुक्रवारचे व्रत आणि माशाचा पाव

अमेरिकेतील ओहायो राज्यात सिनसिनाटी हे शहर आहे. १९६२ सालच्या गुड फ्रायडेला तेथील एका उपाहारगृहात एक विलक्षण पैज लागली. एका बाजूस होता मॅक्डॉनल्ड्स या धंद्याचा सूत्रधार रे क्रॉक आणि दुसऱ्या बाजूस त्याच्याच नावाची पाटी लावून दुकान चालविणारा लू ग्रोन. क्रॉकने पावात अननसाची भाजलेली चकती व चीज घालून एक नवा पदार्थ सिद्ध केला होता. ग्रोनने पावात तळलेला मासा घातला होता. ज्याचा पदार्थ अधिक खपेल त्याचा पदार्थ यादीत राहावयाचा, असे ठरले. सायंकाळी हिशेब झाला तेव्हा माशाचे पाव ३५० खपले होते आणि अननसाचे अवघे ६.

या पैजेमागे धर्माचा एक जुना नियम उभा होता. ग्रोनच्या दुकानाच्या आसपासची बहुतेक वस्ती कॅथलिक पंथाची होती. ख्रिस्ताच्या मरणाची आठवण म्हणून शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याची त्या पंथाची शतकानुशतकांची चाल. वसई व गोव्याकडील घरांना ती नवी नाही, आणि सोमवार, शनिवार वा चातुर्मास पाळणाऱ्या मराठी घरांनाही तिचे मर्म निराळे सांगावयास नको. गोमांसाच्या पावावर, म्हणजे हॅम्बर्गरवर, ज्याचा सारा धंदा उभा, त्या ग्रोनचे दुकान शुक्रवारी ओस पडे. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात तर विशेषच. नियम माशाला आड येत नव्हता, म्हणून मासा.

येथपर्यंतची कथा दुकानदाराच्या चातुर्याची आहे, आणि ती पुष्कळदा सांगितली जाते. तिचा पुढचा भाग क्वचितच कोणी सांगतो.

ग्रोनने पहिल्याने हॅलिबट हा उंची मासा वापरला होता. त्या पावाची किंमत ३० सेंट पडू लागली. क्रॉकला ती २५ सेंटच हवी होती. पाच सेंटांसाठी हॅलिबट गेला आणि कॉड आला. १९६५ पर्यंत हा पाव अमेरिकाभर मिळू लागला. झटपट खाण्याच्या धंद्याचे सूत्रच असे की पदार्थ सर्वत्र एकसारखा, एकाच किमतीचा आणि बारमाही मिळाला पाहिजे. गाईगुरे पैदाशीने वाढविता येतात. समुद्राला मात्र बारमाही पुरवठ्याचा करार मान्य नसतो.

कॉडची गोष्ट याच काळातली आहे. १४९७ साली जॉन कॅबट न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याशी गेला तेव्हा तेथे मासे टोपल्यांनी उपसता येतात अशी वार्ता युरोपात पसरली. पुढे साडेचार शतके त्या समुद्राने लोकांना पोसले. १९५४ मध्ये ‘फेअरट्राय’ नावाचे ब्रिटिश जहाज तेथे उतरले. मासे धरणे, कापणे आणि गोठविणे ही तिन्ही कामे त्याच जहाजावर होत. त्याच्यामागून अनेक देशांची तसलीच जहाजे आली. गोठविलेल्या माशांच्या लाद्यांना गिऱ्हाईक भरपूर होते. घराघरांतील तव्यांपासून उपाहारगृहांच्या कढयांपर्यंत सर्वांनाच स्वस्त, बिनकाट्याचा, पांढरा मासा हवा होता. १९६८ साली तेथील उत्तरेकडील कॉड आठ लाख टनांच्या घरात पकडला गेला. इतका तो पूर्वी कधी निघाला नव्हता व पुढेही कधी निघाला नाही. २ जुलै १९९२ रोजी कॅनडा सरकारने त्याची मासेमारी बंद केली. सुमारे तीस हजार माणसांची रोजी बुडाली. बंदी काही वर्षांची असेल असे वाटले होते. ती औपचारिकपणे उठावयास २०२४ साल उजाडले.

एका पावावर या विनाशाचे खापर फोडणे अन्यायाचे होईल. त्या लाद्या खाणारी तोंडे असंख्य होती. आपल्याकडे पावसाळ्यात कोळी होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून पुन्हा निघतात. कायद्यानेही पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैचे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. न्यूफाउंडलंडच्या समुद्राला असा विसावा मिळाला नाही. त्या मोठ्या जहाजांनी थंडीतही, अंडी घालण्यासाठी मासे जमत तेथेच जाळी ओढली. माणसाने आपल्या जिभेवर शुक्रवारचा निर्बंध घातला होता, समुद्रासाठी एकही वार राखून ठेवला नव्हता.

मॅक्डॉनल्ड्सने पुढे दुसरे मासे घेतले. २०१३ पासून अमेरिकेतील त्यांच्या दुकानांत अलास्काकडील पोलॉक हा मासा, जपून केलेल्या मासेमारीचा शिक्का लावून, विकला जाऊ लागला. ही सुधारणा खरी होय. परंतु गोमांसाचा मूळ पाव जागच्या जागी राहिला, आणि पृथ्वीवरील मोठा भार तोच आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात मिथेन वायू तयार होतो. शिवाय चाऱ्यासाठी व कुरणासाठी जमीन लागते, रान तुटते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात जगभरच्या हजारो शेतांचे हिशेब एकत्र केले होते. मांसासाठी पाळलेल्या गुरांपासून १०० ग्रॅम प्रथिने मिळविताना सरासरीने सुमारे ५० किलो कार्बन डायऑक्साइडइतके वायू हवेत जातात. तेवढीच प्रथिने वाटाण्यापासून घेतली तर अर्धा किलोही नाही! १९९६ मध्ये हीच कंपनी भारतात आली तेव्हा गाईचे व डुकराचे मांस वगळूनच तिला दुकान मांडावे लागले, आणि पुढे बटाटा-वाटाण्याची टिक्की तिच्या पावात शिरली. गिऱ्हाईक अडून बसले की यादी बदलते, हे सिनसिनाटीत दिसले तसे दिल्ली-मुंबईतही दिसले.

इकडे व्रताचेच दिवस फिरले. नोव्हेंबर १९६६ मध्ये अमेरिकेतील बिशपांनी उपवासकाळाबाहेरच्या शुक्रवारी मांसत्यागाची सक्ती काढून टाकली. इंग्लंड व वेल्समध्ये ती १९८५ साली सैल झाली. माशाचा पाव मात्र टिकला; ज्या नियमाने त्याला जन्म दिला तो सैल झाल्यावरही तो खपतच राहिला.

लू ग्रोन मे २०११ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी, निवर्तला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात इंग्लंड व वेल्सच्या बिशपांनी शुक्रवारचा मांसत्याग पुन्हा सुरू केला. हेतू केवळ धार्मिक होता. वातावरणाचा विचार त्यात नव्हता. केंब्रिजच्या अर्थशास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये त्याचा परिणाम मोजला. जेमतेम पाव हिश्श्याच्या कॅथलिकांनी आपली सवय बदलली होती, आणि त्यांतीलही अनेकांनी मांस सोडले नव्हते, थोडे कमी केले होते. एवढ्यानेही वर्षाला ५५,००० टनांहून अधिक कार्बन वाचल्याचे त्यांना आढळले. एकट्या अमेरिकेतील बिशपांनी असेच केले तर हा लाभ बहुधा वीसपट होईल, असा त्यांचा अंदाज आहे.