सुट्टीचे घर, वाडीचे पाणी

मुंबईकराच्या सुट्टीच्या घराचा इतिहास डोंगरावर सुरू होतो. सर जॉन माल्कमच्या गव्हर्नरकीत महाबळेश्वर वसले. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानला पोहोचला आणि १९०७ पासून तिथवर छोटी गाडी धावू लागली. या बंगल्यांचा हेतू एकच होता, उकाड्यापासून पळ काढणे. समुद्रकाठी तशी सोय नाही. तिथला दमट उन्हाळा आणि आडवा पाऊस टाळता येत नाही, त्यांच्यासकट राहावे लागते. म्हणून या घराची खरी परीक्षा कोकणातच होते, असे आम्हांला वाटते.

१९४८ च्या कूळकायद्याने बिगरशेतकऱ्याच्या शेतजमीन खरेदीवर बंधन आणले. तरीही जिथे शेत नावापुरतेच उरले आहे, अशी 'फार्महाऊसे' अलिबागपासून मुरूडपर्यंत उठली. (शेतघर हा शब्द मात्र कुणी वापरत नाही, बहुधा त्यात शेत फारच स्पष्ट ऐकू येते.) मुंबईतला काचेचा फ्लॅट उचलून वाडीत ठेवावा, अशीच त्यांतली बरीच दिसतात.

या पार्श्वभूमीवर बिजॉय जैन यांच्या 'स्टुडिओ मुंबई'ने नांदगावच्या नारळवाडीत बांधलेले, २००७ साली पूर्ण झालेले 'पामायरा हाऊस' पाहावे. ऐनाच्या लाकडाच्या सांगाड्याचे दोन लांबट भाग, मधे पोहण्याचा तलाव, आणि दर्शनी बाजूंना ताडाच्या खोडातल्या कठीण लाकडाच्या आडव्या पट्ट्या. फटींतून वारा आत येतो, ऊन चाळून येते. झापांची झड बांधून पडवी झाकणाऱ्या कोकणी माणसाला ही युक्ती नवखी वाटणार नाही. पण या पट्ट्यांचे कौतुक जगभर पुष्कळ झाले. आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते ती पाण्याची व्यवस्था. वाडीतल्या विहिरींचे पाणी मनोऱ्यावरच्या टाकीत चढते आणि उताराने घरात येते. झाडांना ते दगडी पाटांतून मिळते. रहाट आणि पाट ही वाडीची जुनी रचना. घर तिच्यावर लादलेले नाही, तिच्यात सामावलेले आहे. 'आधुनिक' या शब्दाला इथे काही अर्थ येतो.

मात्र एक प्रश्न वास्तुरचनेच्या कक्षेत मावत नाही. जुने कोकणी घर टिकले ते केवळ चिरा आणि लाकूड यांच्या बळावर नव्हे. आगोटीला कुणीतरी कौले शाकारत होते, चुलीचा धूर वाशांना लागत होता, वाळवी दिसली की त्याच दिवशी उपाय होत होता. सुट्टीचे घर आठवड्यातले पाच दिवस बंद असते. ते जितके लाकडाचे, जितके मोकळे, तितकी त्याला राखणदाराची गरज अधिक. तो राखणदार आराखड्यात क्वचितच दिसतो. त्याची खोली कुठे, तिथे वारा येतो का, हे टिकाऊपणाच्या चर्चेत यायला हवे.

दुसरी गोष्ट संख्येची. २०२० मध्ये मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला. अंतर तुटले तशी वाड्यांकडे वळणारी नजर वाढली. एक घर विहिरीवर भागते; शंभर घरे, शंभर तलाव यांचे काय? किनाऱ्यालगत उपसा वाढला की गोड्या पाण्याखालचे खारे पाणी वर सरकते. नारळ काही काळ तग धरतो. पोफळ आधी सुकते.