लाल कातडीचे कोडे



अंगावर लाली दिसली की आपण म्हणतो, उन्हानं भाजलं, पित्त उठलं, नाहीतर कुणाचं तरी लागलं. पुष्कळदा ते खरेही असते. पण आज एका अशा लालीची हकीकत सांगतो, जिचे मूळ कातडीत नव्हते, ताटात होते.

स्पेनच्या उत्तरेस अस्तुरियास नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथे १७३५ साली गास्पार कासाल या वैद्याने गरीब शेतकऱ्यांत एक व्याधी पाहिली. हातापायांची उघडी कातडी आणि गळ्याभोवतीचा भाग हार घातल्यासारखा लाल होई. पुढे तो खरखरीत होऊन खपल्या धरी. लोक त्याला ‘गुलाबाचा रोग’ म्हणत. नाव गोड, पण रोग जीवघेणा! कासालने रोग्यांचे जेवणही पाहिले. मुख्य अन्न मक्याची भाकरी, मांस क्वचितच. पुढे इटलीत याच रोगाला ‘पेलाग्रा’, म्हणजे खरखरीत कातडी, हे नाव पडले.

मका मूळचा अमेरिकेचा. मेक्सिकोतील लोक तो चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटत. त्याने दाण्यात अडकलेले सत्त्व मोकळे होई. युरोपात मका गेला, पण ही रीत मागेच राहिली.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात या रोगाने कहर केला. रोग सांसर्गिक आहे असे समजून लोक रोग्यांना टाळू लागले. १९१४ मध्ये डॉ. जोसेफ गोल्डबर्गर तपासाला निघाले. अनाथाश्रमांत आणि वेड्यांच्या इस्पितळांत त्यांनी काय पाहिलं? आतली माणसं आजारी, पण त्यांची सेवा करणारे नोकर ठणठणीत! रोग लागट असता तर त्याने नोकरांनाच का सोडावे? गोल्डबर्गरांनी अनाथ मुलांच्या जेवणात दूध, अंडी, कडधान्ये वाढवली, रोग हटला. १९१५ मध्ये मिसिसिपीत ११ कैद्यांना, शिक्षामाफीच्या बोलीवर, निकस मकाप्रधान अन्न दिले. सहा जणांना रोग झाला. तरीही शंका घेणारे होतेच. तेव्हा १९१६ मध्ये त्यांनी, त्यांच्या पत्नीने व सहकाऱ्यांनी रोग्यांचे रक्त टोचून घेतले. कोणालाही रोग झाला नाही. उणे असलेले सत्त्व म्हणजे नायसिन, हे १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेजम यांच्या संशोधनातून उलगडले.

आता आपल्या दख्खनकडे वळू. हा रोग ज्वारी खाणाऱ्या गरिबांतही आढळला. हैदराबादचे डॉ. गोपालन व श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीतील ल्यूसिन या घटकाकडे बोट दाखवले. त्यावर पुढे मतभेद झाले. पण म्हणून भाकरी टाकायची का? मुळीच नाही! दोष भाकरीचा नाही, कोरड्या भाकरीवरच दिवस काढावे लागतात त्याचा आहे. तिच्या जोडीला वरण, उसळ, शेंगदाणे, दूध, जमल्यास अंडे हवे.

आणि गुरुजी, वर्गातल्या एखाद्या मुलाचे दोन्ही हात व गळा सारखेच लाल, खरखरीत दिसले, त्यात त्याला जुलाब होत असतील, तर त्याला वेगळे बसवू नका. आरोग्यकेंद्रात न्या. आणि मायेने एवढं विचारा, “बाळ, काल काय जेवलास?”