दोन गिनी

सासऱ्याला गुत्त्यात नेणारा जावई आमच्या भिंगारात तरी मी पाहिला नव्हता. तो भेटला विलायतेत, ब्रायटनच्या समुद्राकाठी. "बाबा, डोकं सांभाळा," म्हणत जावईबापूंनी मला एका तळघरात उतरवलं. जागा आपल्या माजघराएवढी. मालकीणबाई लाकडी दांडा ओढून पिंपातली बिअर वर काढत होत्या. मला वाड्यातला हापसा आठवला. ही बिअर म्हणे पिंपातच आंबत राहते, तिच्यात वरून गॅस भरत नाहीत आणि ती तळघराइतकीच गार असते. थोडक्यात, आमच्या आंबिलीची मावसबहीण!

"असले घरगुती गुत्ते तुमच्या वेलस्लीमुळे वाढले, बाबा."

आमच्या? ज्यानं ऑगस्ट १८०३ मध्ये नगरची पेठ शिड्या लावून आणि शिंद्यांचा किल्ला तोफा लावून घेतला, आठ तारखेला धरलेलं काम बाराला उरकलं, तो आमचा कोण? पण गोष्ट खरी होती. पुढे हाच गृहस्थ ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून पंतप्रधान झाला आणि त्याच्या कारकिर्दीत १८३० साली कायदा आला : घरपट्टी भरणाऱ्या कोणीही दोन गिनी भरून राहत्या घरी बिअर बनवावी, विकावी. गरिबानं जिन सोडावी, हा त्यातला परोपकार! हजारो घरांवर पाट्या लागल्या. म्हणजे स्वतःच्या माणसांना गुत्ते आणि आमच्या पेठेला शिड्या. आमच्याकडे तर १९४९ च्या कायद्यापासून घोटभर घ्यायलाही परमिट, आणि तेसुद्धा 'प्रकृतीसाठी'.

मी तावातावानं हे सगळं ऐकवलं. जावईबापूंनी मुकाट्यानं ग्लास पुढे केला. माझा हात सवयीनं खिशाकडे गेला, परमिट चाचपायला.